पहिला ॲम्प्लिफायर : वॅटचा आकडा आणि त्यामागचे प्रश्न

हौशी रेडिओ केंद्र चालवणाऱ्याला जगभर ‘हॅम’ म्हणतात. परीक्षा देऊन सरकारी परवाना काढायचा, स्वतःचे संकेतनाम मिळवायचे आणि घरातल्या किंवा शाळा-महाविद्यालयातल्या केंद्रावरून दूरदूरच्या हॅमशी संपर्क साधायचा, असा हा छंद आहे. लघुलहरींवर चालणारा नेहमीचा संच साधारण १०० वॅट शक्तीने प्रेषण करतो. वर्ष-दोन वर्षे त्यावर काढली की बहुतेकांच्या मनात एक प्रश्न येतो : आता ॲम्प्लिफायर कोणता घ्यावा? संच आणि अँटेना यांच्यामध्ये जोडायची ही पेटी. शंभर वॅट आत घ्यायचे आणि पाचशे, सहाशे किंवा हजार वॅट करून बाहेर द्यायचे, एवढेच तिचे काम.

या प्रश्नाला जाहिराती आणि अनुभवी मंडळी जी उत्तरे देतात, ती बहुधा एका आकड्याभोवती फिरतात : वॅट किती आणि वॅटमागे पैसे किती. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने हा आकडा तपासून पाहावा, असे मला वाटते. त्यासाठी पहिला ॲम्प्लिफायर म्हणून ज्यांची नावे नेहमी घेतली जातात अशा तीन अमेरिकन यंत्रांचे येथे परीक्षण करू. पहिले हीथकिट कंपनीचे एसबी-२००, दुसरे अमेरिट्रॉनचे एएल-८११ आणि तिसरे एलेक्राफ्टचे केपीए५००. पहिली दोन व्हॉल्व्हवर चालतात, तिसरे ट्रान्झिस्टरवर.

शंभराचे सहाशे म्हणजे किती?

प्रथम ॲम्प्लिफायरचा लाभ कोणाला मिळतो ते पाहू. तो मिळतो पलीकडे ऐकणाऱ्याला. तेव्हा मापही त्याच्याच बाजूने घ्यायला हवे. दोन शक्तींच्या गुणोत्तराचा दहाच्या पायावरचा लॉगॅरिथम काढून त्याला दहाने गुणले की डेसिबेल मिळतात. शंभराचे दोनशे वॅट म्हणजे ३ डेसिबेल, चारशे म्हणजे ६, सहाशे म्हणजे ७.८ आणि हजार म्हणजे १०.

हॅम मंडळी ऐकू येणाऱ्या संदेशाचा जोर ‘एस’ या एककात सांगतात. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाच्या पहिल्या विभागाने १९८१ साली केलेल्या शिफारशीनुसार एक ‘एस’ म्हणजे ६ डेसिबेल. या हिशेबाने शंभराचे सहाशे वॅट केल्यावर पलीकडच्या मीटरचा काटा सव्वा-दीड घर पुढे सरकतो. हजार वॅटलाही दोन घरे पुरी होत नाहीत. शक्ती सहापट झाली तरी ऐकणाऱ्याच्या अँटेनातला विद्युतदाब वाढतो तो सहाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे अडीचपटीहून थोडा कमीच.

याचा अर्थ ॲम्प्लिफायर निरुपयोगी आहे असा नाही. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर विजांचा कडकडाट इतका असतो की शंभर वॅटचा आवाज त्यात अर्धामुर्धा बुडतो. अशा वेळी ७-८ डेसिबेलने वाक्य समजण्याजोगे होऊ शकते. गोंगाटाच्या काठावर असलेल्या संदेशाला ॲम्प्लिफायर वर काढतो. जो संदेश मुळातच स्वच्छ ऐकू येतो त्याला त्याने काही मिळत नाही, आणि जो गोंगाटाच्या फार खाली आहे त्याला तो पुरत नाही. जाहिरातीतला आकडा हे तीन प्रसंग वेगळे करून सांगत नाही.

कोणते वॅट?

हीथकिटचे एसबी-२०० हे १९६०च्या दशकातले यंत्र. मिशिगन राज्यातल्या बेंटन हार्बर गावची ही कंपनी सुटे भाग आणि पुस्तिका खोक्यात घालून विकत असे. जोडणी गिऱ्हाइकाने घरी करायची. १९९२ साली कंपनीने असे जोडसंच विकणे बंद केले. तरी एसबी-२०० जुन्या बाजारात अजून हिंडत असते आणि ‘पहिला म्हणून उत्तम’ अशी त्याची शिफारस अजून ऐकू येते. त्यात ५७२बी जातीचे दोन व्हॉल्व्ह आहेत. क्षमता लिहिली होती ती अशी : बोलण्यासाठी शिखर शक्ती १२०० वॅट, मोर्ससाठी १००० वॅट. एएल-८११च्या माहितीपत्रकात हेच आकडे ६०० आणि ५०० असे आहेत. सरळ तुलना करणारा म्हणेल की जुने यंत्र दुप्पट ताकदीचे आहे.

ते तसे नाही. हीथकिटचा आकडा अंतःशक्तीचा आहे, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटला पुरवलेल्या विद्युतशक्तीचा. अमेरिट्रॉनचा आकडा अँटेनाकडे जाणाऱ्या बाह्यशक्तीचा आहे. अशा मंडलाची कार्यक्षमता साधारण ६० टक्के धरली तर १२०० वॅट आत गेल्यावर सुमारे ७२० वॅट बाहेर येतात. दोन्ही यंत्रांत फरक राहतो तो एका डेसिबेलहूनही कमी. तो कानाला कळणेही कठीण.

हीथकिटने लबाडी केली असे मात्र म्हणता येणार नाही. १९८३पर्यंत अमेरिकेतला कायदाच अंतःशक्ती मोजत असे. मर्यादा १००० वॅटची होती. त्या वर्षी नियम बदलला आणि १५०० वॅट शिखर बाह्यशक्ती अशी नवी मर्यादा आली. जाहिरातींची भाषा कायद्यामागोमाग बदलली, जुनी यंत्रे मात्र आपले जुने आकडे घेऊन फिरत राहिली. भारतात शक्तीची मर्यादा परवान्याच्या श्रेणीवर ठरते आणि ती अमेरिकन मर्यादेच्या खूपच खाली आहे. म्हणून आपल्याकडे ॲम्प्लिफायर पाहण्याआधी परवाना वाचावा. मर्यादा किती, आणि ती आत जाणाऱ्या शक्तीची की बाहेर येणाऱ्या, हे दोन्ही पाहावे.

किती वेळ?

एएल-८११मध्ये ८११ए जातीचे तीन व्हॉल्व्ह आहेत. हा व्हॉल्व्ह जुना, स्वस्त आणि सहज मिळणारा. यंत्राची किंमत कमी राहिली ती मुख्यतः त्यामुळे. ज्या उद्योगसमूहात अमेरिट्रॉन होती त्याने मे २०२४मध्ये आपल्या कारखान्यातले उत्पादन थांबवले. पण ही यंत्रे एवढी विकली गेली आहेत की जुनी म्हणून ती बरीच वर्षे मिळत राहतील.

आता बेरीज-वजाबाकी करू. ६० टक्के कार्यक्षमतेने ६०० वॅट बाहेर द्यायचे तर १००० वॅट आत द्यावे लागतात. उरलेल्या ४०० वॅटची उष्णता होते आणि ती व्हॉल्व्हच्या प्लेटांवर साठते. एका ८११एची प्लेट जास्तीत जास्त ६५ वॅट उष्णता सोसू शकते. तिन्हींची मिळून १९५. मग ४०० वॅट सोसतात कशा? सोसत नाहीत. बोलताना शिखर क्षणभरच येते, दोन शब्दांमध्ये विसावा मिळतो आणि सरासरी उष्णता मर्यादेत राहते. मोर्समध्येही ठिपका आणि रेघ यांच्यामध्ये जागा असते. निर्मात्याने ६०० हा आकडा दिला आहे तो बोलण्यासाठी, आणि तेथे तो खरा आहे.

पण आजचा हॅम नेहमी बोलतोच असे नाही. २०१७ साली आलेली ‘एफटी८’ ही संगणकीय पद्धत फार थोड्या काळात जगभर पसरली. तीत प्रेषण सलग १२.६४ सेकंद चालते, मध्ये क्षणाचीही उसंत नाही. सलग प्रेषणात प्लेटांवर १९५ वॅटहून अधिक उष्णता पडू द्यायची नाही असे ठरवले, तर बाह्यशक्ती तिच्या दीडपट, म्हणजे सुमारे २९० वॅट ठेवावी लागेल. शंभराचे २९० म्हणजे ४.६ डेसिबेल, एक ‘एस’सुद्धा नाही. जो हे गणित न करता सहाशेवर यंत्र चालवील त्याच्या प्लेटा तांबड्यालाल होतील आणि व्हॉल्व्ह लवकर संपतील.

दुसरी गोष्ट अशी की एफटी८ची रचनाच क्षीण संदेशांसाठी आहे. अडीच किलोहर्ट्झ पट्ट्यातल्या गोंगाटाच्या २० डेसिबेल खाली असलेला संदेशही संगणक उलगडतो. बोललेले वाक्य तेथे ऐकूच येणार नाही. वेग आणि शब्दसंख्या कमी करून, संकेतांकनाच्या हुशारीने मिळवलेला हा लाभ कोणत्याही घरगुती ॲम्प्लिफायरच्या लाभापेक्षा मोठा आहे, आणि त्याला लागतो तो बहुतेक घरांत असणारा संगणक. ज्याला एवढ्यावर समाधान आहे त्याने ॲम्प्लिफायरचा प्रश्न मनातून काढून टाकला तरी चालेल.

५७२बीची प्लेट १६० वॅट सोसते. दोन मिळून ३२०. म्हणजे प्रत्यक्ष कामात एसबी-२००ला थोडी जास्त सवड आहे. त्याच्या जाहिरातीतला १२००चा आकडा हे कोठेच सांगत नाही. ते कळते व्हॉल्व्हच्या तक्त्यावरून.

पेटीच्या आत

एसबी-२००चे खरे मोठेपण त्याच्या पुस्तिकेत आहे. प्रत्येक पायरी स्वतंत्र, प्रत्येक पायरीपुढे खूण करायला जागा, आणि शेवटी मंडलाचे काम समजावणारे वेगळे प्रकरण. प्रयोगपुस्तिका कशी लिहावी हे शिक्षकाने यातून जरूर शिकावे. यंत्र चालवण्यातही शिक्षण आहे. प्लेटच्या मंडलातला बदलता कपॅसिटर फिरवला की मीटरचा काटा एका जागी खाली झुकतो. तेथे अनुनाद झाला. वर्गात समीकरणाने सांगितलेला अनुनाद येथे हाताला कळतो.

पण याच यंत्रात प्लेटचा दाब सुमारे २४०० व्होल्ट असतो, आणि तो मोठ्या कपॅसिटरांत साठलेला असतो. एकूण धारिता २० मायक्रोफॅरड धरली तर साठलेली ऊर्जा सुमारे ५८ ज्यूल होते. एक किलोचा दगड सहा मीटर उंचीवरून डोक्यावर पडावा एवढी ही ऊर्जा आहे, आणि ती छातीतून जाण्याच्या वाटेवर असेल तर जीव जातो. सुरक्षिततेसाठी प्रत्येक कपॅसिटरला समांतर रोध जोडलेला असतो. यंत्र बंद केल्यावर त्यातून प्रभार निघून जातो. सर्व रोध मिळून २ लाख ओहम धरले तर कालस्थिरांक ४ सेकंद येतो. पाच कालस्थिरांकांनी, म्हणजे २० सेकंदांनी, दाब १६-१७ व्होल्टवर येतो. हे सगळे रोध शाबूत असतील तर. वर्षानुवर्षे तापून त्यांपैकी एखादा तुटला, की त्याच्या कपॅसिटरातला प्रभार वाट नसल्यामुळे तसाच राहतो. सहा कपॅसिटर एकसरीत असतील तर त्या एकट्यावर सुमारे ४०० व्होल्ट असतात. बाहेरचा मीटर शून्य दाखवत असला तरी आतला तो एक कपॅसिटर भरलेला असू शकतो. म्हणून तार काढून, थांबून, उच्च दाब मोजण्यासाठीच बनवलेल्या मापकाने मोजून, जाड विद्युतरोधी मुठीच्या कांडीने जमिनीशी जोडून मगच आत हात घालायचा. आणि तोही एकच हात, जवळ दुसरे माणूस असताना.

जुन्या यंत्राची आणखी एक अडचण आहे. एसबी-२००ला ‘प्रेषण सुरू कर’ असे सांगणाऱ्या तारेवर शंभराहून अधिक व्होल्ट असतात. त्या काळच्या संचांतल्या रिलेला ते चालत असे. आजच्या संचातला छोटा ट्रान्झिस्टर पहिल्याच जोडणीत जळू शकतो, म्हणून मध्ये वेगळे मंडल घालावे लागते. हे सगळे ज्याला समजते आणि करता येते तो नवशिक्या राहिलेला नसतो. ‘पहिला म्हणून उत्तम’ या शिफारशीतला ‘पहिला’ हा शब्द म्हणूनच मला पटत नाही. वाचायला, समजून घ्यायला आणि जाणत्या माणसाबरोबर उघडून पाहायला हे यंत्र उत्तम आहे. शाळेच्या रेडिओ केंद्रात, मुलांच्या हाताशी, ते नसावे. एएल-८११मधला दाब याहून कमी असला तरी तोही दीड हजार व्होल्टांच्या आसपास असतो, आणि हीच सावधगिरी त्यालाही लागू आहे.

ट्रान्झिस्टरचा पर्याय

केपीए५०० हे ५०० वॅट बाह्यशक्तीचे यंत्र. व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे तंतू तापण्याची वाट पाहणे नाही; ८११एचे तीन तंतू एक शब्दही बोलण्याआधी ७५ वॅट खातात, ते येथे वाचतात. अनुनाद जुळवण्याची खटपट नाही, पट्टा बदलला की गाळण्या आपोआप बदलतात. अशा ॲम्प्लिफायरांत हजारो व्होल्ट नसतात; दाब दोन आकड्यांत असतो आणि प्रवाह बराच मोठा. बाहेरच्या टोकाला मात्र ५०० वॅट शक्ती ५० ओहममध्ये जात असताना १५८ व्होल्ट उच्चवारंवारतेचा दाब असतो. त्याला हात लागला तर भाजतेच.

याच्या उणिवा निराळ्या आहेत. ट्रान्झिस्टर चूक सहन करत नाही. अँटेना नीट जुळलेली नसेल तर व्हॉल्व्हचे मंडल थोडेफार जुळवून घेते, ट्रान्झिस्टरचे यंत्र शक्ती कमी करते किंवा बंद पडते. ते त्याच्या रक्षणासाठीच असते. पण अँटेना सुधारण्याआधी हे यंत्र घेणाऱ्याला ५०० वॅट क्वचितच पाहायला मिळतात. बिघडल्यास घरी दुरुस्ती अवघड. आणि शिकवण्याच्या दृष्टीने ते मुके आहे : बटण दाबले, काम झाले.

त्याआधी अँटेना

पहिला ॲम्प्लिफायर निवडण्याआधी त्याच पैशात दुसरे काय मिळते ते पाहणे आवश्यक आहे. २८ मेगाहर्ट्झला आरजी-५८ जातीच्या ३० मीटर बारीक केबलमध्ये सुमारे २.५ डेसिबेल नाहीसे होतात, म्हणजे शंभरातले ५६ वॅटच अँटेनापर्यंत पोचतात. आरजी-२१३ ही जाड केबल घातली तर हानी एका डेसिबेलच्या आसपास येते. १४ मेगाहर्ट्झची द्विध्रुव अँटेना गच्चीच्या कठड्यावर, तीन मीटरवर बांधलेली असेल, तर तिची बहुतेक शक्ती सरळ आकाशात जाते. तीच दहा मीटरवर, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीइतकी उंच नेली, की ती क्षितिजाकडे वळते आणि दूरच्या संपर्काला उपयोगी पडते. तीन दांड्यांची यागी अँटेना तेवढ्याच उंचीवरच्या द्विध्रुवापेक्षा ५ ते ६ डेसिबेल जास्त देते. हा जवळजवळ चारशे वॅटच्या ॲम्प्लिफायरएवढाच लाभ झाला.

शिवाय अँटेना ऐकण्याच्या कामीही येते. नको त्या दिशेचा गोंगाट ती कमी करते. ॲम्प्लिफायर फक्त बोलतो. ज्याचे प्रेषण मोठे पण ग्रहण दुबळे अशा केंद्राला हॅम मंडळी ‘मगर’ म्हणतात : तोंड मोठे, कान लहान. सगळे जग त्याला उत्तर देत असते आणि तो आपला पुन्हापुन्हा हाकाच मारत राहतो. पट्टा अडवून ठेवणाऱ्या या केंद्राचा इतरांना होणारा त्रास कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. ॲम्प्लिफायरला गरजेपेक्षा जास्त रेटले की आवाज शेजारच्या वारंवारतांवर सांडतो, तो त्रास वेगळाच.

मग निवड कशी करावी?

माझे मत असे. ज्याची अँटेना उंच आणि केबल चांगली आहे, ज्याला बोलूनच संपर्क साधायचा आहे आणि ज्याचे संदेश नेहमी गोंगाटाच्या काठावर अडकतात, त्याला ॲम्प्लिफायरचा खरा उपयोग आहे. अशा व्यक्तीने, आणि विशेषतः संस्थेने, पाचशे वॅटच्या आसपासचे ट्रान्झिस्टरचे यंत्र घ्यावे आणि परवान्याच्या मर्यादेत चालवावे. त्याची किंमत वॅटमागे जास्त पडेल. ते पैसे मुख्यतः सुरक्षिततेचे आहेत असे समजावे. एएल-८११ हे प्रामाणिक आणि स्वस्त यंत्र आहे, पण ज्याला प्लेटच्या उष्णतेचा हिशेब स्वतः करता येतो त्याच्यासाठीच. एसबी-२००ची पुस्तिका सर्वांनी वाचावी. यंत्र मात्र फार थोड्यांनी घ्यावे.

आकडा तपासण्याची ही रीत वर्गातही वापरता येईल, आणि त्यासाठी हॅम असण्याची गरज नाही. एके काळी आपल्याकडे टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असे. घरात, गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात असा एखादा टेपरेकॉर्डर अजून सापडेल. विद्यार्थ्यांना त्याच्या पाठीमागची पट्टी वाचायला सांगावे. तेथे यंत्र विजेच्या जोडणीतून किती वॅट घेते ते लिहिलेले असते. समोरचा आकडा आणि मागचा आकडा फळ्यावर शेजारी शेजारी लिहावे आणि तीनच प्रश्न विचारावेत : ही शक्ती आत जाणारी की बाहेर येणारी? किती वेळ टिकणारी? आणि ऐकणाऱ्याच्या कानाला तिचा फरक किती डेसिबेलचा? पाण्याचा पंप, मिक्सर, इन्व्हर्टर यांच्या पट्ट्यांवरही पहिले दोन प्रश्न लागू पडतात.